पोलिसांनी काय विसरायचं? डीएनए तपास आणि न झालेला आंतरराष्ट्रीय कायदा

युनेस्कोने १६ ऑक्टोबर २००३ रोजी मानवी जनुकीय माहितीबद्दल एक आंतरराष्ट्रीय जाहीरनामा मंजूर केला. रक्त, लाळ, केसाचं मूळ यांतून निघणारी माहिती कोणी घ्यावी, कशासाठी घ्यावी, कोणाला विचारून घ्यावी, याबद्दल त्यात बरंच काही चांगलं लिहिलं आहे. पण पहिल्याच कलमात एक पळवाट आहे. गुन्ह्याचा तपास, खटला आणि पितृत्वाची चाचणी यांना हा जाहीरनामा लागू नाही. तिथे ज्या त्या देशाचा कायदा चालेल, फक्त तो मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कायद्याला धरून असावा. म्हणजे जिथे माणसाच्या मर्जीविरुद्ध नमुना घेतला जातो आणि गोष्ट तुरुंगापर्यंत, काही देशांत फाशीपर्यंत जाते, नेमकं तिथेच जगाने हात वर केले. शिवाय हा जाहीरनामा आहे, करार नाही. कोणी तो मोडला तरी त्याला कोर्टात खेचता येत नाही.

त्याला दोन दशकं उलटून गेली, तरी गुन्हे तपासातल्या डीएनएवर सगळ्या जगाला बांधून ठेवील असा एकही करार झालेला नाही. तो हवा म्हणणारे मात्र पुष्कळ आहेत, आणि गंमत म्हणजे त्यांचं आपापसात अजिबात पटत नाही. पोलीस यंत्रणांना कायदा हवाय तो परदेशातली माहिती झटपट मिळावी म्हणून. हक्कांसाठी लढणाऱ्यांना हवाय तो हीच माहिती अशी सहजासहजी परदेशी जाऊ नये म्हणून. प्रयोगशाळेतल्या माणसांची मागणी साधी असते: दोन देशांतले निकाल निदान एकमेकांशी ताडून तरी पाहता यावेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. माहिती द्यायची कशी याचे नियम करायला सरकारं तयार असतात, काहींनी केलेही आहेत. ती पुसायची कशी आणि कधी, हे ठरवायला कोणी पुढे येत नाही. अशा कोणत्याही मसुद्यात मी आधी ते कलम शोधेन.

आकड्यांची ओळ

घटनास्थळी सापडलेल्या डागावरून प्रयोगशाळा माणसाचा अख्खा डीएनए वाचते, हा समज सिनेमांनी पसरवलेला. प्रत्यक्षात ती ठरावीक काही ठिकाणंच तपासते. आपल्या डीएनएत काही जागी बहुधा चार अक्षरांचा एकच तुकडा एकापाठोपाठ एक येत राहतो. कोणाकडे तो बारा वेळा येतो, कोणाकडे पंधरा वेळा. प्रत्येक ठिकाणचे आकडे दोन, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. अमेरिकेची राष्ट्रीय यंत्रणा आधी अशी १३ ठिकाणं तपासायची, १ जानेवारी २०१७ पासून २० तपासते. युरोपने आपापसात ठरवलेली ठिकाणं आधी ७ होती, २००९ मध्ये ती १२ केली. ह्या सगळ्या आकड्यांची जी ओळ तयार होते तिला प्रोफाइल म्हणतात, आणि डेटाबेसमध्ये जाते ती ही ओळ.

तिच्यावरून माणसाचा रंग, उंची, आजार जवळपास काहीच कळत नाही. गाडीच्या नंबरवरून आत कोण बसलंय ते कळत नाही, तसंच. पोलीस हा मुद्दा नेहमी मांडतात आणि बऱ्याच अंशी तो खरा आहे. पण प्रोफाइल काढल्यावर मूळ नमुन्याचं काय होतं, हे ते सहसा सांगत नाहीत. गालाच्या आतून फिरवलेला तो कापसाचा बोळा फ्रीझरमध्ये पडून असेल, तर त्यात सगळंच आहे: आजार, वंश, नातीगोती. प्रोफाइल आणि नमुना ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्यावर वाद घालताना पुष्कळ जण इथेच घोटाळा करतात.

आता थोडं गणित. समजा घटनास्थळी अर्धवट प्रोफाइल मिळालं, आणि ते एखाद्या परक्या माणसाशी योगायोगाने जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक आहे. संशयित आधीच पकडलेला असेल, त्याच्याविरुद्ध इतर पुरावा असेल आणि मग जुळणी झाली, तर ती फार भक्कम. पण संशयितच नाही, म्हणून तोच नमुना ५० लाख लोकांच्या डेटाबेसवर चालवला, तर निव्वळ योगायोगाने सरासरी पाच माणसं जुळतील. चूक कोणाचीच नाही. प्रयोगशाळा बरोबर, संगणक बरोबर, आणि तरी पाच निरपराध माणसांच्या दारात पोलीस उभे. डेटाबेस जितका मोठा आणि तपासलेली ठिकाणं जितकी कमी, तितके हे योगायोग वाढत जातात. आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण म्हणजे तरी काय? एका देशातले हजारो बेवारस डाग दुसऱ्या देशातल्या लाखो माणसांवर चालवणं.

हे नुसतं कागदावरचं नाही. १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये एका घरफोडीतला डाग राष्ट्रीय डेटाबेसमधल्या एका माणसाशी सहा ठिकाणी जुळला. योगायोगाची शक्यता सांगितली गेली ३ कोटी ७० लाखांत एक. तो माणूस राहत होता सुमारे ३०० किलोमीटर दूर, आणि पार्किन्सन्सच्या आजाराने त्याला धड कपडेही घालता येत नव्हते. तरी त्याला अटक झाली. पुढे दहा ठिकाणं तपासली तेव्हा सुटला. २००३ मध्ये तर प्रकरण देशाबाहेर गेलं. लिव्हरपूलच्या एका बारमध्ये काम करणाऱ्या तरुणाला इटलीतल्या एका खुनासाठी पकडलं, कारण डीएनए जुळला होता. तो इटलीत कधी गेलाच नव्हता. पुन्हा चाचणी केल्यावर जुळणी फोल ठरली. इटलीने मागितलं आणि ब्रिटनने पकडलं, अशा वेळी चुकीची भरपाई कोणाकडे मागायची?

प्रूम नावाचं गाव

प्रत्यक्षात आलेला सर्वांत जवळचा कायदा युरोपात आहे. २७ मे २००५ रोजी जर्मनीतल्या प्रूम या छोट्या गावात सात देशांनी एक करार केला: बेल्जियम, जर्मनी, स्पेन, फ्रान्स, लक्झेंबर्ग, नेदरलँड्स आणि ऑस्ट्रिया. डीएनए प्रोफाइल, बोटांचे ठसे आणि गाड्यांची नोंदणी एकमेकांना पाहू द्यायची, असा तो करार. २००८ मध्ये तो युरोपीय संघाच्या सगळ्या सदस्यांना लागू करण्यात आला. इथलं राजकारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. संघाच्या नेहमीच्या वाटेने गेलं असतं तर संसदेत वर्षानुवर्षं चर्चा झाली असती. सात सरकारांनी बाहेर बसून मसुदा पक्का केला आणि मग तो उरलेल्यांपुढे ठेवला. स्वाक्षरी करा नाहीतर मागे राहा. उद्या जागतिक करार झालाच तर तो याच वाटेने येण्याची शक्यता जास्त. काही मोजके देश आधी नियम करतील, बाकीचे नंतर रांगेत उभे राहतील.

कराराची रचना मात्र विचारपूर्वक केलेली आहे. एका देशाचा संगणक दुसऱ्याला नुसतं विचारतो: ही आकड्यांची ओळ तुमच्याकडे आहे का? उत्तर येतं, आहे किंवा नाही. नाव, पत्ता, फोटो काही नाही. जुळलं तरच दुसरी पायरी सुरू होते, आणि तिथे ज्या देशाकडे माहिती आहे त्याचा स्वतःचा कायदा लागतो. इंटरपोलचा डेटाबेसही साधारण याच तत्त्वावर चालतो. तो २००२ पासून आहे, ८० हून अधिक देश त्यात प्रोफाइल टाकतात, आणि प्रोफाइलसोबत नाव नसतं.

अडचण आली ती जुळणीच्या व्याख्येत. सुरुवातीला किमान सहा ठिकाणं जुळली तरी संगणक होकार द्यायचा. वरचं गणित आठवा. नेदरलँड्सच्या तज्ज्ञांनी पुढे दाखवून दिलं की सहा ठिकाणांच्या अशा जुळण्यांतल्या बऱ्याचशा पुढच्या तपासणीत टिकत नाहीत. ठिकाणं ७ वरून १२ वर नेण्यामागे हेही एक कारण होतं. कायद्याच्या चर्चेत लोक स्वातंत्र्य, सार्वभौमत्व असे मोठे शब्द वापरत असतात, आणि एखाद्या माणसाला अटक होणार की नाही हे ठरतं परिशिष्टातल्या ह्या छोट्या आकड्यावर.

२०२४ मध्ये नवा नियम आला. तो प्रूम-२ या नावाने ओळखला जातो. त्यात चेहऱ्यांचे फोटोही आले, पोलिसांच्या नोंदींची देवाणघेवाण आली, हरवलेल्या माणसांचा आणि बेवारस मृतदेहांचा शोध आला, आणि मध्यभागी सगळ्या देशांना जोडणारी एक यंत्रणा आली. जुळणीची खात्री झाली की मूळ माहिती ४८ तासांत द्यायची. युरोपच्या माहिती-संरक्षण पर्यवेक्षकांनी मसुद्यावर २०२२ मध्येच आक्षेप घेतला होता. कोणत्या गुन्ह्यांसाठी हे चालणार ते नीट लिहिलेलं नाही, खून आणि किरकोळ चोरी यांत फरक कुठे आहे, असा त्यांचा सवाल होता. मला हा आक्षेप सर्वांत वजनदार वाटतो. गंभीर गुन्ह्यासाठी म्हणून उभारलेली यंत्रणा हळूहळू सायकलचोरापर्यंत पोचते. ब्रिटनचा डेटाबेस त्याच वाटेने फुगला.

कापसाचा बोळा

२५ एप्रिल २००७. जर्मनीतल्या हाइलब्रोन शहरात एका तरुण महिला पोलिसाची तिच्या गाडीतच गोळी घालून हत्या झाली, तिचा सहकारी गंभीर जखमी झाला. गाडीत एका अनोळखी बाईचा डीएनए मिळाला. डेटाबेसने सांगितलं की ही बाई जुनी ओळखीची आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समध्ये मिळून सुमारे ४० ठिकाणी तिच्या खुणा होत्या: खून, घरफोड्या, चोरलेल्या गाड्या. ह्या गुन्ह्यांत एकमेकांशी मेळ खाणारं काहीच नव्हतं, साक्षीदारांना कधी बाई दिसली नव्हती. तिच्यावर तीन लाख युरोंचं बक्षीस लागलं. डीएनएच्या आणखी एका चाचणीवरून ती पूर्व युरोपातली असावी असं म्हटलं गेलं, आणि संशयाची सुई युरोपातल्या रोमा या भटक्या समाजाकडे वळली. तेव्हा त्या शहरात जत्रेसाठी आलेली फिरस्ती कुटुंबं चौकशीत भरडली गेली.

२००९ मध्ये उलगडा झाला. ती बाई अस्तित्वात होती, पण गुन्हेगार नव्हती. नमुने घ्यायचे कापसाचे बोळे ज्या कारखान्यात बांधले जात, तिथली ती एक कामगार. बोळे निर्जंतुक होते, म्हणजे त्यांच्यावर जिवंत जंतू नव्हते. डीएनए मात्र निर्जंतुकीकरणाने जात नाही. पोलिसाचा खून एका नवनाझी टोळीने केला होता, हे नोव्हेंबर २०११ मध्ये बाहेर आलं. म्हणजे दोन वर्षं तीन देशांचे पोलीस एका कापसाच्या बोळ्यामागे धावत होते, आणि खरे खुनी मोकळे होते.

ह्यातून एक आंतरराष्ट्रीय नियम मात्र जन्माला आला. २०१६ मध्ये आयएसओ या मानक ठरवणाऱ्या संस्थेने फॉरेन्सिक बोळे, नळ्या, पिशव्या यांच्यावर माणसाचा डीएनए येऊ नये यासाठी १८३८५ क्रमांकाचं मानक काढलं. त्यावर कुठल्या संसदेत भाषणं झाली नाहीत, कोणी मोर्चा काढला नाही. असे नीरस नियम देश सहज मान्य करतात आणि त्यांचा फायदा ताबडतोब होतो. जागतिक कायद्याचा हा भाग उद्या सकाळी होऊ शकतो.

तुमचा डीएनए एकट्या तुमचा नाही

एप्रिल २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात एका म्हाताऱ्या माजी पोलिसाला अटक झाली. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत त्याने केलेले बलात्कार आणि खून चाळीस वर्षं उलगडले नव्हते. सरकारी डेटाबेसमध्ये तो नव्हताच. पोलिसांनी घटनास्थळाचा डीएनए, आपले पूर्वज शोधणाऱ्या हौशी लोकांच्या जीईडीमॅचसारख्या संकेतस्थळांवर टाकला. तिथे त्याचे दूरचे नातेवाईक सापडले. मग जुन्या नोंदी काढून एकोणिसाव्या शतकातल्या पूर्वजांपर्यंत वंशवेल उभी केली आणि फांदी फांदी उतरत त्याच्यापर्यंत पोचले. २०२० मध्ये त्याने तेरा खुनांची कबुली दिली.

इथे आकड्यांची छोटी ओळ कामाची नसते. इथे सहा-सात लाख बिंदू वाचले जातात, आणि त्यांत आजारांपासून मूळ ठिकाणापर्यंत बरंच काही दिसतं. त्याच वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. सुमारे १२ लाख ८० हजार लोकांच्या एका व्यापारी डेटाबेसवरून संशोधकांनी दाखवलं की युरोपीय वंशाच्या अमेरिकी माणसाचा शोध घेतला, तर सुमारे ६० टक्के वेळा खापरपणजोबा एक असलेला किंवा त्याहून जवळचा नातेवाईक सापडतो. आपल्यापैकी कितीजणांना आपल्या खापरपणजोबांचं नाव तरी माहीत आहे? ज्या नातेवाइकाला आपण कधी पाहिलं नाही, त्याच्या एका निर्णयाने आपण पोलिसांच्या नजरेच्या टप्प्यात येतो.

म्हणून संमतीचा नेहमीचा हिशोब इथे कोलमडतो. न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी मुलाने वाढदिवसाला मिळालेल्या कीटमध्ये थुंकून नळी पाठवली, तर त्याने साताऱ्यातल्या चुलत्यांचा, मामेबहिणींचा आणि त्यांच्या अजून न जन्मलेल्या नातवंडांचाही थोडा थोडा डीएनए कळवलेला असतो. त्या चुलत्यांना कोणी विचारलेलं नसतं. भारतीय कायदा तिथे पोचत नाही, अमेरिकी कायद्याला त्यांची फिकीर नाही. देशोदेशी उत्तरंही वेगळी आहेत. फ्रान्समध्ये हौसेखातर अशी चाचणी करून घेणंच बेकायदा आहे, दंड ३,७५० युरोंपर्यंत. अमेरिकेत २०२१ मध्ये मेरीलँड राज्याने न्यायाधीशाची परवानगी सक्तीची केली, बाकी बऱ्याच राज्यांत मोकळं रान. स्वीडनने हे तंत्र वापरून २००४ चा दुहेरी खून २०२० मध्ये उकलला. आंतरराष्ट्रीय कायद्याची गरज मला सर्वांत जास्त इथे वाटते, कारण नातं पासपोर्ट पाहत नाही.

आता हेच तंत्र वापरू नका म्हणावं, तर नेदरलँड्समधलं फ्रीसलँडचं प्रकरण आठवतं. १९९९ मध्ये तिथे एका सोळा वर्षांच्या मुलीवर बलात्कार करून तिचा गळा चिरला गेला. जवळच आश्रयार्थींचं केंद्र होतं. गावाने ठरवून टाकलं की हे काम तिथल्याच कोणाचं तरी, आपल्यातला माणूस असं करणार नाही. वातावरण इतकं तापलं की आश्रयार्थींना तिथे राहणं कठीण झालं. ज्यांच्यावर संशय घेतला त्यांचा डीएनए जुळला नाही, तरी कुजबुज थांबेना. लायडनच्या एका शास्त्रज्ञाने बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र तपासून सांगितलं की हा पुरुष बहुधा वायव्य युरोपातला आहे. त्या वेळी डच कायद्यात अशा चाचणीला जागा नव्हती, ती २००३ मध्ये मिळाली. मग २०१२ मध्ये नातेवाइकांवरून शोध घ्यायला परवानगी देणारा कायदा आला. आसपासच्या हजारो पुरुषांना स्वखुशीने नमुना द्यायला बोलावलं. खुनी स्वतःच येऊन नमुना देऊन गेला. घटनास्थळापासून दोन-तीन किलोमीटरवर राहणारा, बायकामुलांचा शेतकरी. अठरा वर्षांची शिक्षा झाली.

हाइलब्रोनमध्ये मूळ ठिकाणाच्या अंदाजाने फिरस्त्या लोकांवर किटाळ आलं, फ्रीसलँडमध्ये त्याच प्रकारच्या अंदाजाने परक्यांवरचं किटाळ गेलं. जर्मनीने २०१९ मध्ये मधला मार्ग काढला. डोळे, केस, त्वचेचा रंग आणि वय यांचा अंदाज डीएनएवरून घ्यायला परवानगी दिली, वांशिक मुळाचा नाही. त्वचेचा रंग चालतो आणि मूळ चालत नाही, ह्यातलं तर्कशास्त्र मला तरी अजून उमगलेलं नाही.

अकरा वर्षांचा मुलगा

पुसण्याच्या हक्काची सगळी चर्चा एका निकालापाशी येते. २००१ मध्ये इंग्लंडच्या शेफील्डमध्ये एका अकरा वर्षांच्या मुलाला दरोड्याच्या प्रयत्नाच्या आरोपाखाली पकडलं. बोटांचे ठसे आणि डीएनए घेतला. काही महिन्यांत तो निर्दोष सुटला. दुसऱ्या एका माणसावर जोडीदाराला त्रास दिल्याचा आरोप होता. दोघांचं पुन्हा जुळलं आणि प्रकरण मिटलं. दोघांनी पोलिसांना विनंती केली, आमची माहिती काढून टाका. नकार मिळाला. तेव्हाच्या कायद्यानुसार एकदा घेतलेला नमुना कायमचा. ब्रिटिश न्यायालयांनीही पोलिसांचीच बाजू घेतली.

४ डिसेंबर २००८ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या सतरा न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, हे चालणार नाही. ज्याच्यावर गुन्हा सिद्ध झालेला नाही, त्याला अनंत काळ संशयितांच्या यादीत ठेवणं म्हणजे खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग. ब्रिटनला २०१२ मध्ये कायदा बदलावा लागला, आणि १७ लाखांहून अधिक प्रोफाइल पुसली गेली. पोलीस तेव्हा म्हणत होते की यामुळे गुन्हेगार सुटतील. ब्रिटनचा डेटाबेस आजही जगातल्या मोठ्या डेटाबेसपैकी एक आहे आणि रोज गुन्हे उकलतोय.

आता ह्याच मुलाचं प्रोफाइल मधल्या काळात दुसऱ्या तीन देशांत गेलं असतं तर? लंडनने पुसलं, पण तिकडच्या प्रतींचं काय? प्रूमच्या २००८ च्या निर्णयात याचं उत्तर आहे. चुकीची किंवा पुसायला हवी अशी माहिती पाठवली गेली असेल, तर घेणाऱ्याला तसं कळवायचं आणि त्याने ती काढायची. युरोपबाहेर पाऊल टाकलं की ही साखळी तुटते.

आणि बाहेर काय चाललंय? कुवेतने २०१५ मध्ये मशिदीतल्या बॉम्बस्फोटानंतर कायदा केला की नागरिक, रहिवासी, पाहुणे, सगळ्यांनी डीएनए द्यायचा. तिथे पोटासाठी गेलेले लाखो भारतीयही त्यात आले असते. २०१७ मध्ये तिथल्याच घटनात्मक न्यायालयाने तो रद्द केला. चीनच्या शिनजियांगमध्ये १२ ते ६५ वयाच्या लोकांचे नमुने आरोग्य तपासणीच्या नावाखाली घेतले गेले, असं ह्यूमन राइट्स वॉचने २०१७ मध्ये पुढे आणलं. तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत बलात्कार झालेल्या एका बाईने तक्रारीच्या वेळी दिलेला डीएनए पोलिसांनी ठेवून घेतला आणि पुढे तिलाच एका चोरीच्या गुन्ह्यात पकडायला वापरला. हे २०२२ मध्ये बाहेर आलं तेव्हा कॅलिफोर्नियाला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. शिनजियांगमध्ये जे होतं ते हुकूमशाहीत होतं असं म्हणून निवांत बसता येत नाही.

तरीही आंतरराष्ट्रीय कायद्याची सगळ्यांत जोरदार बाजू मांडतात त्या पोलीस नव्हेत, आया. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सामध्ये सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलगे मारले गेले. पुरावा लपवायला मारेकऱ्यांनी बुलडोझरने थडगी उकरून सांगाडे दुसरीकडे हलवले, त्यामुळे एकाच माणसाची हाडं चार-चार ठिकाणी सापडली. देशोदेशी पांगलेल्या नातेवाइकांनी रक्त दिलं, आणि जवळजवळ सात हजार जणांची ओळख पटली. हे काम करणाऱ्या बेपत्तांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाला २०१४ मध्ये करार करून स्वतंत्र संस्थेचा दर्जा मिळाला. बेपत्ता माणसाच्या आईचं रक्त फक्त त्याच शोधासाठी वापरायचं, गुन्हेगारांच्या यादीवर चालवायचं नाही, ही भिंत पक्की असेल तरच अशी आई पुढे येते.

आपण कुठे आहोत

भारताने डीएनएवरच्या स्वतंत्र कायद्याचा मसुदा २००७ पासून घोळवला. २०१९ चं विधेयक संसदीय समितीकडे गेलं, समितीचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये आला, आणि जुलै २०२३ मध्ये सरकारने विधेयक मागे घेतलं. दरम्यान २०२२ मध्ये कैद्यांची ओळख पटवण्याचा १९२० चा कायदा जाऊन नवा कायदा आला. त्याच्या ‘मोजमापां’च्या व्याख्येत जैविक नमुने आणि त्यांचं विश्लेषण बसवलं आहे. डीएनए हा शब्द कुठेच नाही. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा, अथवा महिला-बालकांविरुद्धचा गुन्हा नसेल तर अटक झालेला माणूस जैविक नमुना द्यायला नकार देऊ शकतो. नोंदी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ७५ वर्षं राहतात.

संसदीय समितीपुढे आणि तिच्या अहवालाला जोडलेल्या भिन्नमत-पत्रिकांत एक भीती मांडली गेली होती: तुरुंगात दलित, आदिवासी आणि मुस्लिमांचं प्रमाण आधीच जास्त आहे, डेटाबेसही तसाच भरेल. महाराष्ट्रात हे वेगळं समजावून सांगायला नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींवर जन्मतःच शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिली पारध्यांच्या पालावर जाते ही सवय गेली नाही. त्यातून एकाच घराण्यातल्या चार जणांचे नमुने यादीत गेले, तर नात्यावरून शोध घेताना अख्खा पाल कायमचा रडारवर.

शास्त्राची बाजूही आहे. योगायोगाची शक्यता काढताना अमुक आकडा लोकसंख्येत किती आढळतो हे धरतात. आपल्याकडे शतकानुशतकं लग्नं जातीत झाली, त्यामुळे एका जातीत काही आकडे जास्त दाटीने सापडतात. त्यासाठी गणितात दुरुस्ती करता येते, पण त्याला वेगवेगळ्या समाजांची खरी आकडेवारी हाताशी लागते. परदेशातल्या लोकसंख्येवरून काढलेला ‘कोटीत एक’ इथल्या खटल्यात जसाच्या तसा टेकवता येत नाही. कोर्टात सी.ए. रिपोर्ट, म्हणजे सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल, येतो तेव्हा हा प्रश्न विचारणारे वकील मी फार कमी ऐकले आहेत.

आणि नमुना प्रयोगशाळेत पोचायच्या आधीचं काय? दिल्लीच्या छावला प्रकरणात, म्हणजे एका तरुणीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये आरोपींना सोडलं, त्यामागच्या कारणांत एक हे होतं की नमुने पोलिसांच्या मालखान्यात कित्येक दिवस पडून होते. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका फाशीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले: नमुना नेमून दिलेल्या प्रयोगशाळेत ४८ तासांत पोचवायचा, आणि तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची नोंदवही खटला संपेपर्यंत ठेवायची. आता सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आलं आहे, म्हणजे मुंबईतल्या कलिनासारख्या सरकारी प्रयोगशाळांकडे येणारा मुद्देमाल वाढतच जाणार.

उद्या कोणी जागतिक कराराचं टेबल मांडलं, तर भारत त्यावर काय ठेवील? पुसण्याबद्दल आपला २०२२ चा कायदा काही तरी म्हणतो हे खरं. आधी शिक्षा झालेली नसलेला माणूस निर्दोष सुटला आणि सगळी अपिलं संपली, तर त्याच्या नोंदी नष्ट करायच्या, न्यायालयाने लेखी कारण देऊन ठेवायला सांगितलं नसेल तर. पण तालुका कोर्टातला खटला, मग सत्र न्यायालय, मग उच्च न्यायालय, ह्यात दहा-पंधरा वर्षं सहज जातात. तोवर राष्ट्रीय नोंद विभागाला ती माहिती तपास यंत्रणांना देण्याची मुभा आहेच. आणि शेवटी नियमांप्रमाणे नोंद काढून घ्यायला अर्ज करावा लागतो, तो पडताळून पाहिला जातो, मग शिफारस पुढे जाते. पालावरच्या ज्या पोराने एवढी वर्षं तारखांना खेटे घातले, त्याला तो अर्ज कोण लिहून देणार, हे सध्या तरी वकिलाच्या भलेपणावर आहे.